टिपणिसांच्या चार गायी

यमुना टिपणीसने नवऱ्याच्या चार गायींना विष घातलं, असं लंडनमधल्या हॅरोत म्हणत. मोठ्याने म्हणत नसत, तेवढी सभ्यता तिथल्या मराठी मंडळात अजून आहे; पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाटली डाळ संपून पन्ह्याचे पेले हातात आले की खुर्च्या आपोआप जवळ सरकत आणि कोणीतरी 'तुला म्हणून सांगते' अशी सुरुवात करी. गोष्ट हॅरोहून निघाली तेव्हा गायी चार होत्या. रीडिंगला पोचेपर्यंत त्या सहा झाल्या आणि सोबत एक घोडाही मेला. एका बाईंनी तर नवऱ्याच्या चहातही चिमूटभर पडलं होतं अशी भर घातली. तो नवरा त्या वेळी शेजारच्या खोलीत डाळीची तिसरी वाटी संपवत होता. कारणाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तिला वेल्समधल्या त्या शेतावरून सुटायचं होतं.

शशी टिपणीस हा काही वाईट माणूस नव्हे. एम-फोर हायवेच्या कडेला काचेची जी ऑफिसं आहेत, त्यांतल्या एकात तो प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला जमिनीचं वेड लागलं. या वयात पुरुषांना काहीतरी लागतंच. कोणी मोटरसायकल घेतो, कोणी मॅरेथॉन पळायला जातो आणि गुडघा धरून घरी येतो. शशीला माती हवीशी झाली. आता टिपणिसांच्या घराण्यात नांगराला कोणी हात लावल्याचा पुरावा नाही. सात पिढ्या त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद लिहिले. पण मुलगा नकुल ब्रिस्टलला शिकायला गेला, रीडिंगचं घर रिकामं झालं, आणि शशी रोज संध्याकाळी लॅपटॉपवर मेंढ्यांची चित्रं बघू लागला. यमुनाला आधी बरं वाटलं. दुसऱ्या कुणाची चित्रं बघत नाही ना, मग झालं.

शेत त्यांनी बघितलं ते मे महिन्यात. वेल्समधलं शेत मे महिन्यात बघू नये. दाखवण्याच्या कार्यक्रमाला नटवून बसवलेल्या मुलीसारखं असतं ते. चहा-पोहे गोड लागतात, बाकीचं लग्नानंतर कळतं. दरीच्या अगदी वरच्या टोकाला दगडी घर, मागे डोंगर, अठरा एकर हिरवंगार उताराचं रान, खाली चार मैलांवर गाव आणि गावात एक चर्च. शशीच्या डोळ्यांत पाणी आलं. यमुनाला एवढंच दिसलं की आधीच्या मालकाने दारामागच्या खुंटीवर त्याचे कोट तसेच ठेवले होते आणि चुलीत अर्धं जळालेलं लाकूड होतं. सामान हलवणारी माणसं कोट विसरत नाहीत. घाईने निघालेली माणसं विसरतात.

खालच्या शेतावर मिसेस प्रॉसर नावाच्या सत्तरीच्या विधवा बाई एकट्या तीनशे मेंढ्या आणि थोड्या गायी सांभाळत. शेत विकत घेऊन दोघं राहायला आले त्या पहिल्या दिवशी त्या भेटायला आल्या, हातात अंड्यांचा ट्रे. बाईंचं बोलणं इतकं तुटक आणि तोंडातल्या तोंडात की शशीला त्यातलं निम्मं कळत नसे. पण वीस वर्षं मीटिंगा केलेला माणूस तो, कळलं नाही तरी मान हलवायची सवय. परत विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं, आणि ते टिपणिसांच्या रक्तात नाही. जाताना बाई यमुनाला म्हणाल्या की या घरात आलेलं हे चौथं बिऱ्हाड. आधीच्या तिघांतल्या कोणी तिसरा हिवाळा काढला नाही. हे त्यांनी भीती घालायला सांगितलं नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

त्या रात्रीच्या जेवणानंतर नवरा-बायकोत करार झाला. रीडिंगचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. चार गायी घ्यायच्या आणि दोन हिवाळे इथे काढायचे. दुसऱ्या हिवाळ्यातून गायी धडधाकट बाहेर पडल्या, तर रीडिंगचं घर विकून इथेच कायमचं राहायचं. नाही पडल्या, तर परत. शशीने हे लिहून काढलं, खाली तारीख घातली आणि फ्रीजवर लावलं. घराण्याचा गुण, दुसरं काय. यमुनाने त्या कागदाकडे बघून मनात फक्त 'दोन' असं म्हटलं, आणि मोजायला सुरुवात केली.

पहिला उन्हाळा पावसात गेला. जून, जुलै, सगळा. कापलेलं गवत शेतात पडून काळं झालं. जे कसंबसं आत आणलं ते आतून तापून वाफाळायला लागलं, म्हणून पुन्हा बाहेर फेकावं लागलं. शशीच्या लॅपटॉपवर गवताचा रंगीत तक्ता होता, त्यात जुलै हिरवा होता. घरात पाणी यायचं डोंगरातल्या झऱ्याचं, वरच्या एका सिमेंटच्या टाकीत साठून. ऑगस्टमध्ये चहाला चार दिवस निराळीच चव येत होती. शशी म्हणाला, मिनरल्स. पाचव्या दिवशी यमुना स्वतः वर चढून गेली. टाकीचं झाकण सरकलेलं होतं आणि आत एक मेंढी होती, तिथे बरेच दिवस असलेली. यमुनाने घरी येऊन सगळी भांडी तीनदा उकळली आणि महिनाभर चहा सोडला. हॅरोत ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर तिच्या हातचं पुन्हा कोणी खाल्लं नसतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली, जी मे महिन्यात कळण्यासारखी नव्हती. सूर्य डोंगराच्या वर येईना. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता मिसेस प्रॉसरनी सांगितलं की आता फेब्रुवारीत. त्या घरावर वर्षातले तीन महिने ऊन पडतच नसे. उजेड यायचा, पण शिळा, धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखा. भिंतींना ओल आली. देवघरातल्या गणपतीच्या सोंडेवर हिरवी बुरशी धरली. यमुना रोज ती कापसाने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची. जानेवारीत पाइप गोठले, तेव्हा तिने सोळा दिवस बादल्यांनी पाणी वाहिलं. मार्चमध्ये त्यांच्या रानात चरायला असलेल्या मिसेस प्रॉसरच्या मेंढ्या व्यायल्या, आणि पहाटे शेतात गेलं की कावळे आधी पोचलेले असत. कावळे कोकराचे डोळे आधी खातात. कोकरू त्या वेळी जिवंत असतं.

आणि इथे एक उलटं घडलं, जे मंडळातल्या एकाही बाईला ठाऊक नाही.

शशी आतल्या आत मिटत गेला. कोकरांच्या त्या प्रकारानंतर तो वरच्या शेतात जायचा बंद झाला. आधी पाठ दुखत होती, मग कागदपत्रं करायची होती. सरकारला प्रत्येक गायीचा पासपोर्ट लागतो, आणि शशी त्या पासपोर्टांत रमला. खिडकीशी बसून तो तासन्‌तास डोंगराकडे बघे. कोणी काही विचारलं की मान हलवी. गोठा आपोआप यमुनाकडे आला. चार काळ्या वेल्श गायी, रुंद कपाळाच्या आणि खुनशी नजरेच्या. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या या बाईने आयुष्यात गाय पाहिली होती ती रस्ता अडवून बसलेली. एप्रिलमध्ये त्यातली एक अडली. व्हेट दुसऱ्या खोऱ्यात होता. मिसेस प्रॉसर फोनवरून सांगत होत्या, आणि यमुनाने बांगड्या काढून खुंटीला अडकवल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला, दोन पाय शोधले, दोरी बांधली आणि भिंतीला टाच लावून ओढलं. वासरू बाहेर आलं तेव्हा ती शेणात बसून हसत होती. शशी दारात उभा होता. तो आत आला नाही.

त्यानंतर तिने मोजणं सोडलं. फ्रीजवरचा कागद तसाच होता, पण आता तो वाचताना तिला भीती वाटायची ती उलटीच. या गायी हिवाळ्यातून निघाल्या नाहीत, तर परत जावं लागेल.

एकदा तिने हे शशीला सांगितलं.

"मला राहायचंय, शशी."

त्याने हातातला पासपोर्ट फाइलमध्ये लावला. मग म्हणाला, "दुसरा हिवाळा होऊ दे."

दुसरा उन्हाळाही भिजकाच गेला, पण या खेपेला यमुनाने मिसेस प्रॉसरच्या गवत कापायच्या यंत्राची वेळ धरून चार कोरड्या दिवसांत गवत आत घेतलं. ऑक्टोबरच्या मध्यावर गायी गोठ्यात घेतल्या तेव्हा त्या तुकतुकीत होत्या. हिवाळा पुरेल एवढा चारा होता. मग दिवाळी आली, आणि दिवाळीबरोबर हॅरोहून शिल्पा आली.

शिल्पा ही यमुनाची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. मनाने चांगली, फक्त तिच्या पोटात काही राहत नाही. कॉलरा झाल्यासारख्या बातम्या बाहेर पडतात. तिला शाळेची हाफ-टर्मची सुट्टी होती आणि 'खऱ्या गायीची वसुबारस' करायची होती. हॅरोत वसुबारसेला चांदीच्या किंवा मातीच्या गायवासराची पूजा होते, तीही कामावरून आल्यावर. इथे जित्याजागत्या चार गायी आणि वर वासरू. शिल्पाने बाजरीचं पीठ आणलं, गोठवलेली गवार आणली, कारण त्या दिवशी गहू आणि दूध खायचं नाही. कॅमेरा आणला. आणि वेम्बलीहून प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आणल्या, चांगल्या डझनभर.

यमुनाने त्या माळा गोठ्यात न्यायला साफ नकार दिला. गाय समोर आलेलं सगळं चघळते, प्लास्टिक पोटात गेलं तर मरेल. शिल्पाला राग आला. एवढं आणलं, आणि हिचं काहीतरीच.

"मग काय, बोडक्या गायीची पूजा करायची?" शिल्पा म्हणाली. "फोटोत काय दिसेल?"

यमुनाने झेंडू लावला होता, तो ऑगस्टमध्येच गोगलगायींनी फस्त केला होता. आंब्याचा टाळा तर सोडाच. त्या डोंगरावर ऑक्टोबरात हारात गुंफण्यासारखं हिरवं काही उरत नाही. ती म्हणाली, जरा काही हिरवं मिळालं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली.

आणि खिडकीतला शशी उठला. कित्येक महिन्यांत तो असा आपणहून उठला नव्हता. त्याने गाडीला ट्रेलर जोडला आणि खाली गेला. दीड तासाने परत आला तो ट्रेलर भरून. गर्द हिरव्या फांद्या, बारीक नाजूक पानं, आणि त्यांत लाल लाल फळं, कुंकवाच्या बोटांसारखी. खाली चर्चच्या आवारात जुन्या झाडांची छाटणी झाली होती, ढीग पडून होता, कोणी नको म्हणालं नाही. बोलायला तिथे कोणी नव्हतंच. शशीच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तो हसत होता. यमुनाला त्या हसण्याचंच इतकं अप्रूप वाटलं की तिने फांद्यांकडे नीट बघितलंही नाही. शिल्पा म्हणाली, अय्या, किती गोड, अगदी ख्रिसमससारखं.

दुपारभर तिघांनी हार केले. जाड, भरगच्च, मनगटाएवढे. गोठ्याच्या दाराला तोरण, गव्हाणीच्या वर कमान. उरलेला ढीग लक्ष्मीपूजनाला होईल म्हणून गोठ्यातच कोपऱ्यात, कोरड्या जागी ठेवला. संध्याकाळी यमुनाने गायींच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातले, ओवाळलं. वासरू मध्ये मध्ये ढुशी देत होतं, म्हणून फोटोपुरतं त्याला पलीकडच्या कप्प्यात घातलं आणि ते तिथेच राहिलं. शिल्पाने चाळीस फोटो काढले. एका फोटोत एक गाय दुसरीच्या गळ्यातला हार ओढून खाते आहे. सगळे हसले. नैवेद्य घेतला म्हणाले.

सकाळी यमुना गोठ्याकडे निघाली तेव्हा धुकं होतं. अंगणात पोचेपर्यंत तिला काय चुकतंय ते कळेना. मग कळलं. एरवी तिच्या बुटांचा आवाज आला की चारही गायी हंबरायच्या. त्या दिवशी फक्त वासरू ओरडत होतं, घसा बसलेल्या आवाजात.

तीन गायी आडव्या पडल्या होत्या, पाय ताठ, अजून कोमट. गव्हाणीवरची कमान नव्हती. कोपऱ्यातला ढीग निम्म्याहून अधिक संपला होता. चौथी, एप्रिलमध्ये व्यायलेली, उभी होती. ती थरथरत होती. यमुनाने तिच्या मानेवर हात ठेवला, तशी तिने एकदा यमुनाकडे बघितलं आणि पाय कापून काढावेत तशी खाली बसली. मग मान टाकली. याला मिनिटही लागलं नाही.

व्हेट आला तो तासाभरात. तरुण मुलगा, लाल गालांचा. तोरणातल्या एका फांदीकडे त्याने बघितलं आणि दारातच थांबला. हे 'यू' नावाचं विषारी झाड, म्हणाला. चर्चच्या आवारातलं झाड. याची पानं, वाळलेलीसुद्धा, गुराचं हृदय थांबवतात. इथे शाळेतल्या पोरांनाही हे माहीत असतं. मग त्याने वही काढली आणि विचारलं, हे आत कोणी आणलं?

शशी भिंतीला टेकून उभा होता. यमुनाने त्याच्याकडे बघितलं. तो डोंगराकडे बघत असे तसा गायींकडे बघत होता, आणि त्याचा खालचा ओठ म्हाताऱ्या माणसासारखा लोंबत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. तिला वाटलं, याने आता हे तोंडाने म्हटलं, तर हा पुन्हा उठणार नाही.

"मी आणलं," ती म्हणाली.

शिल्पा मागे उभी होती, उसने वेलिंग्टन बूट घालून, हातात चहाचा मग. तिने ते ऐकलं. शशीनेही ऐकलं. व्हेटने लिहून घेतलं. शिल्पाने काल फांद्या कोणी आणल्या ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माणसाला काय पाहिलं त्यापेक्षा काय सांगायला बरं वाटतं तेच जास्त आठवतं. यमुनाने प्लास्टिकच्या माळा नको म्हटल्या, हे खरं होतं. हिरवं हवं म्हटलं, हे खरं होतं. 'मी आणलं' म्हणाली, हे तर व्हेटच्या वहीत होतं. परतीच्या प्रवासात रीडिंग येईपर्यंत शिल्पाकडे गोष्ट तयार होती.

मेलेली जनावरं शेतात पुरायला परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी ती उचलणारा लॉरी घेऊन आला. त्याने प्रत्येकीच्या पायाला साखळी लावली आणि यंत्राने ओढून वर घेतली. कपाळांवरचं हळदकुंकू तसंच होतं. त्या माणसाने त्याबद्दल काही विचारलं नाही. यमुनाने सह्या केल्या. पासपोर्ट शशीने आणून दिले, क्रमाने लावलेले.

लॉरी वळणाआड गेल्यावर ती शशीला म्हणाली, "तू काहीच बोलला नाहीस."

"तू बोललीसच ना," शशी म्हणाला, आणि आत गेला. फ्रीजवरचा कागद त्याने त्याच दुपारी काढला. नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला.

यमुनाने एकदाच विचारून बघितलं. चारा आहे, वासरू आहे, मिसेस प्रॉसर दोन गाभण गायी उधार देते म्हणतात, हिवाळा काढू. शशीने मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची हे तिला आता कळत होतं. नाताळच्या आत रीडिंगच्या भाडेकरूंना नोटीस गेली. शशीला सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा मांस चढलं. मंडळाच्या कार्यक्रमांना तो जाऊ लागला. कोणी खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणे, फार सोसलंस रे. तेव्हा तो नाही म्हणत नसे.

वासरू न्यायला मिसेस प्रॉसर स्वतः आल्या, छोट्या ट्रेलरमधून. वासरू चढेना. यमुनाने त्याच्या तोंडात दोन बोटं दिली, दूध पाजताना देत असे तशी, आणि ते बोटं चोखत तिच्या मागोमाग आत गेलं. ट्रेलरचं दार लावताना बाई नेहमीच्या तुटक बोलीत काहीतरी म्हणाल्या. यमुनाला आता त्या बोलीतला शब्द न्‌ शब्द कळत होता. रीडिंगला आल्यावरही तिने ते कोणाला सांगितलं नाही, शशीलाही नाही.

बाईंनी सांगितलं ते असं. पहिल्या हिवाळ्यात, चर्चच्या भिंतीशी उभं राहून, त्यांनी शशीला ते झाड बोटाने दाखवलं होतं आणि याचं पानही जनावराजवळ नेऊ नको असं बजावलं होतं. शशीने मान हलवली होती. त्याला कळलं नव्हतं आणि त्याने परत विचारलं नाही. फांद्या त्याने आणल्या. यमुनाने गायींना विष घातलं नाही, आणि तिला रीडिंगला परत यायचं नव्हतं.